दहा मार्चला तो दिल्लीत असतो

त्या दिवशी समीक्षा बैसाणे सकाळपासून चिडलेली होती, आणि संध्याकाळी तिच्या तावडीत सापडला तो धोंडुप. यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

समीक्षा भूकरमापक होती. म्हणजे शेतांची मोजणी करायची, भांडणाऱ्या भावांना बांध नक्की कुठे आहे ते दाखवायचं आणि दोघांच्याही शिव्या खायच्या. त्या दिवशी मोजणीला गेली तर थोरल्या भावानं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "ताई, आडनाव काय म्हटलं तुमचं?" तिनं सांगितलं. त्यानं धाकट्याकडे बघून नुसतं "हं" केलं. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे ते दोघे त्या एका 'हं'वर मात्र एक झाले. ते 'हं' समीक्षाला शाळेपासून ओळखीचं होतं. त्या तिरमिरीत बांधावरून वळताना काटेरी तारेत तिच्या स्वेटरची बाही अडकली आणि कोपरापासून मनगटापर्यंत उसवली.

नोव्हेंबर सरत आला होता. धुळ्याची थंडी म्हणजे काही चेष्टा नाही. पांझरेकाठच्या मैदानावर तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागली होती. दिवाळी उरकली की ती लागतात, संक्रांत होऊन गेली की उठतात. ताडपत्रीखाली ओळीनं टांगलेले स्वेटर, नव्या लोकरीचा आणि डांबरगोळ्यांचा वास, आणि प्रत्येक दुकानात एकच पाटी – 'एक भाव'.

समीक्षानं गर्द निळा स्वेटर उचलला आणि हिंदीत भाव करायला सुरुवात केली. समोरचा उंच, रुंद गालांचा तरुण ऐकून घ्यायचा, हसायचा आणि मान हलवायचा. पाच मिनिटं झाली, दहा झाली. तेवढ्यात तिच्या मैत्रिणीचा, डिंपलचा फोन आला. समोरच्याला कळू नये म्हणून समीक्षा सरळ अहिराणीत घसरली. "हाऊ चिनी आयकतच नही वं माय! नुसता हासस!"

तरुणानं स्वेटरची घडी घातली. सावकाश. मग डोळे वर करून स्वच्छ मराठीत म्हणाला, "चिनी नाही जी मी. गोंदिया जिल्ह्यातला आहो."

समीक्षाचा फोन कानालाच राहिला.

"तुम्ही... मराठी बोलता?"

"मंग आता काय बोलून राहिलो?"

तिकडून डिंपल 'हॅलो, हॅलो' करत होती. समीक्षानं फोन बंद केला. तिला लाज वाटली, आणि लाज वाटली की तिला राग यायचा. तिनं पाटीवरचा भाव दिला, स्वेटर काखोटीला मारला आणि तरातरा निघून गेली.

घरी जाऊन घालून पाहिला तर स्वेटर दोन बोटं आखूड.

दुसऱ्या दिवशी ती बदलायला गेली. तो जणू वाटच बघत होता. "मला वाटलंच होतं. पण तुम्ही इतक्या रागात होता की मी बोललोच नाही."

"का? मी चावले असते?"

"सांगता येत नाही जी."

तिला हसू आलं. ते तिनं दाबलं, तर ते नाकातून निघालं.

त्याचं नाव धोंडुप. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे, तिथला. हिवाळ्यात आईबरोबर स्वेटर विकायला धुळ्याला यायचा, हे त्याचं सहावं वर्ष. उरलेलं वर्ष वसाहतीतल्या शाळेत शिकवायचा.

"धोंडुप," समीक्षा म्हणाली. "म्हणजे धोंडू?"

"कॉलेजात सगळे धोंडबाच म्हणत. एक सर तर धोंडोपंत म्हणत." तो हसला. "अर्थ विचारा ना. ज्याचा हेतू सिद्धीला गेला तो धोंडुप. तुमच्याकडे त्यालाच सिद्धार्थ म्हणतात."

 समीक्षाच्या घरात भिंतीवर बाबासाहेब होते आणि त्यांच्या शेजारी सिद्धार्थ गौतम. हे नाव असं स्वेटरच्या ढिगाऱ्याआडून तिच्याकडे बघून हसेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

मग काय, कधी मोजे हवेत, कधी टोपी... डिंपल म्हणाली, "धुळ्यात एवढी थंडी नही पडत, जेवढी तुले वाजी राह्यनी!" डिसेंबरात समीक्षा वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी घेऊन गेली. धोंडुपची आई – तिला तो 'आमा' म्हणायचा – मागे बसून विणत होती. तिनं भरीत चाखलं, डोळ्यांत पाणी आलं तरी आणखी घेतलं आणि लेकाला तिबेटीत काहीतरी सांगितलं. तो कानापर्यंत लाल झाला.

"काय म्हणाल्या?"

"तिखट आहे म्हणाल्या."

"एवढंच?"

"...भरीतही तिखट आहे म्हणाल्या."

एकदा त्यानं तिच्या कामाबद्दल विचारलं. तिनं बांध, खुणा, हद्दी सगळं सांगितलं. त्यानं पाकिटातून एक कागद काढला. पेन्सिलीनं काढलेलं एक शेत, एक ओढा, तीन झाडं. "आजोबांनी काढलं होतं. जवाचं शेत. याची मोजणी होईल काय, मॅडम?"

"किती लांब आहे?"

"सीमेपासून पायी बावीस दिवस. आजोबा तेवढे चालले होते म्हणे."

तो चेष्टा करत होता. तिला मात्र चेष्टा सुचली नाही. बारा फुटांच्या बांधासाठी एकमेकांची डोकी फोडणारे लोक ती रोज बघत होती. हा माणूस आख्खा देश गमावून मोज्यांच्या जोड्या लावत बसला होता.

"बाजार उठल्यावर गावी जाणार?" तिनं विचारलं. उगाच. अगदी सहज विचारल्यासारखं.

"आधी गावी. मग दिल्ली. दहा मार्चला मी दिल्लीत असतो."

मग त्यानं सांगितलं. एकोणसाठ साली दहा मार्चला ल्हासामधले हजारो लोक चिनी फौजेसमोर रस्त्यावर उतरले होते. दोन दिवसांनी बायकांनी स्वतंत्र मोर्चा काढला, त्यात त्याची आजी होती. हातात काही नव्हतं. तेव्हापासून दर दहा मार्चला, जगात जिथे जिथे तिबेटी आहेत तिथे तिथे, ते रस्त्यावर येतात.

"दिल्लीत काय करता?"

"घोषणा देतो. पोलीस उचलतात. बसमध्ये बसवतात. संध्याकाळी सोडतात."

"मग?"

"मग पुढच्या वर्षी."

समीक्षाचा पारा चढला. "साठ वर्षं! साठ वर्षं तुम्ही बसमध्ये बसताय आणि संध्याकाळी उतरताय! अशानं कुणी देश परत देतं? तुला राग येत नाही?"

'तुम्ही'चं 'तू' झालं ते दोघांच्याही लक्षात आलं. तो नुसता हसला. तेच पहिल्या दिवशीचं हसू. आणि समीक्षाला वाटलं, हा माणूस थंड आहे. मोठा चांगला, पण थंड. मोजे न उचलताच ती निघून आली.

त्यानंतर चारच दिवसांनी सीमेवर आपल्या आणि चिनी सैनिकांची झटापट झाल्याची बातमी आली.

त्या मंगळवारी समीक्षा दुपारी मोजणी आटोपून परतत होती. गाडीला मोजणीची लाल-पांढरी काठी बांधलेली. पुलावरूनच तिला धूर दिसला. मैदानात पन्नास-साठ पोरांचा घोळका, 'चिनी माल जाळा'च्या आरोळ्या, आणि मध्ये स्वेटरांचा पेटलेला ढीग. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो. त्यातला एकूणएक स्वेटर लुधियानाचा होता.

आणि पुढे होता कुंदन. तिच्याच गल्लीतला, लहानपणी तिच्या घरी येऊन वरण-भात खाल्लेला.

समीक्षानं गाडी तशीच आडवी टाकली, काठी उपसली आणि धावली. धोंडुपच्या दुकानाचे बांबू दोघांनी धरले होते. तिनं काठी उगारली, आणि मागून कुणीतरी तिचं मनगट धरलं.

"सोड!"

"नाही."

"धोंडुप, हात सोड माझा! आज एकाचं तरी डोकं फोडते मी!"

"फोडाल. मंग उद्या पेपरात काय येईल? तिबेट्यांनी पोरांना मारलं." त्याचा आवाज खालचा होता, पण पकड घट्ट होती. तिला पहिल्यांदा कळलं की हा हात केवढा तापलेला आहे.

त्यानं काठी काढून घेतली, जमिनीवर ठेवली आणि तिबेटीत काहीतरी ओरडला. सगळ्या दुकानांतली धावपळ थांबली. बायका, म्हातारे, चाळीसेक माणसं बाहेर आली आणि आग आणि उरलेली दुकानं यांच्या मधोमध जमिनीवर मांडी घालून बसली. आमासुद्धा, विणकाम हातात घेऊन. कुणी घोषणा दिली नाही, कुणी हात जोडले नाहीत. बसली नुसती.

पोरं बावचळली. पळणाऱ्याच्या मागे लागता येतं, मारणाऱ्याला मारता येतं. बसलेल्याचं काय करायचं? एकानं वीट फेकली. ती धोंडुपच्या कपाळाला लागली. रक्ताची धार भुवईवरून डोळ्यात उतरली, पण तो हलला नाही. समीक्षा त्याच्या डोळ्यांकडे बघत होती. थंड? आगीपेक्षा जास्त तिथे पेटलं होतं. एवढा राग तिनं आयुष्यात कुणाच्या डोळ्यांत पाहिला नव्हता, आरशातसुद्धा नाही.

ती त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"समीक्षाताई," कुंदन पुढे आला. "तू ऊठ. तुना काय संबंध? या चिनी शेतस."

"कुंदन, तुझ्या अंगात काय आहे?"

कुंदननं खाली पाहिलं. काळं, फरच्या कॉलरचं जॅकेट. गेल्या आठवड्यातच इथून नेलेलं, याच दुकानातून.

"काढ ते," समीक्षा म्हणाली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "काढ आणि टाक आगीत. एवढी देशभक्ती आहे ना? टाक."

बघ्यांची गर्दी जमली होती. तिच्यातलं कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कुणीतरी. कुंदनचा हात चेनपर्यंत गेला आणि तिथेच अडकला. "चला रे," तो पुटपुटला. पोरं पांगली. पण तोवर तीन दुकानांची राख झाली होती, ती काही हसण्यानं परत आली नाही.

पोलीस आले. एक हवालदार वही काढून धोंडुपला पहिलं वाक्य बोलला, "तुमचे कागद दाखवा आधी."

"याचे?" समीक्षा उसळली. "ज्याचं डोकं फुटलंय त्याचे कागद? या पोरांच्या म्होरक्याचं नाव मी सांगते, पत्ता सांगते, गल्ली माझीच आहे, लिहा!" आणि हवालदारानं ते लिहून घेईपर्यंत तिनं त्याला हलू दिलं नाही.

मग ती धोंडुपला घरी घेऊन आली. जखम पुसताना ती सारखी बडबडत होती. कुंदनला, हवालदाराला, सगळ्या धुळे शहराला शिव्या. कापूस जरा जोरातच लागला.

"आई गं... हळू."

"दुखतं का? म्हणजे जिवंत आहेस. मला वाटलं, तुला काहीच होत नाही."

त्यानं मनगटानं भुवई पुसली. मग म्हणाला, "मला राग येत नाही असं कोण म्हटलं तुम्हाला? रोज सकाळी आधी राग उठते, मंग मी उठतो. पण त्याच्या हातात काठी देत नाही. एकदा दिली की तो आपला राहत नाही."

दारात तिचे वडील उभे होते. यादव बैसाणे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त. नामांतराच्या लढ्यात एकोणिसाव्या वर्षी सतरा दिवस तुरुंगात काढलेले. ते आत येऊन बसले. "खरं शे त्यानं," ते म्हणाले. "एका विद्यापीठाले नाव द्यायले सोळा वरीस लागनात. घरं जळनी, मानसं गयात. राग व्हता म्हनीसन तं टिकनूत आम्ही. नहीतं दुसऱ्याच वरीसले घर चालना जातूत."

समीक्षानं कापूस खाली ठेवला. वडिलांनी हे तिला कधी सांगितलं नव्हतं. कदाचित तिनं कधी विचारलं नव्हतं.

पण त्याच वडिलांनी धोंडुप गेल्यावर तिला समोर बसवलं. "पोऱ्या चांगला शे. माले समजस बठ्ठं, डोया शेतस माले. पन त्याले देश नही, माय. उद्या लेकरंस्नं काय?"

समीक्षानं मग तिच्या पद्धतीनं, म्हणजे कागदांतून, वाट शोधली. जानेवारीच्या शेवटी बाजार उठत होता. बांबू निघत होते, गठ्ठे बांधले जात होते. ती धोंडुपसमोर उभी राहिली आणि एक फाईल पुढे केली.

"तुझे वडील पासष्ट साली सिमल्याकडच्या रस्त्याच्या कामावर जन्मले. म्हणजे तेव्हाच्या कायद्यानं ते जन्मानं भारतीय, म्हणून तूही. तू फक्त अर्ज करायचाय. तुझा हक्क आहे हा, उपकार नाही. मी सगळं काढून आणलंय."

धोंडुपनं फाईल उघडली. पानं नीट लावलेली, पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. त्याचा चेहरा असा झाला की तिला वाटलं, आता हा बोलेल. ते, जे दोन महिने दोघंही बोलत नव्हते.

"नाही करणार मी," तो म्हणाला.

"...काय?"

"माझ्या भावानं केला. त्याला चूक म्हणत नाही मी. पण सरकारनं आम्हाला नोंदणीची वही दिली आहे, माझ्या पिशवीतल्या त्या वहीवर 'तिबेटी' लिहिलेलं आहे. दुसरं कुठं लिहिलेलं राहिलं नाही आता. सगळ्यांनीच ते खोडलं तर दहा मार्चला रस्त्यावर कोण येईल?"

"आणि मी?" ते तिच्या तोंडून निसटलं. "मी कुठे लिहिलेली आहे?"

तो काही म्हणणार होता. ओठ हललेही. पण तिनं फाईल हिसकावली. "जा तू दिल्लीला. बस बसमध्ये. संध्याकाळी उतर!"

आणि ती गेली. पुलापर्यंत रडली नाही. पुलावर रडली, तेही चिडून.

फेब्रुवारीभर दोघांनी फोन केला नाही. समीक्षानं त्या महिन्यात कधी नव्हे इतक्या मोजण्या केल्या, आणि कुणाच्या 'हं'ला "काही अडचण आहे का? असली तर लेखी द्या," असं उत्तर द्यायला लागली. संध्याकाळी मात्र ती कायद्याची पुस्तकं घेऊन बसायची. आधी रागात वाचायची, म्हणजे त्याला खोटं पाडायला. मग नुसतीच वाचायची. आणि एका रात्री जेवता जेवता तिला कळलं की तिचा राग त्याच्यावर नाहीच. ज्यांनी त्याला एका कागदापुरता शिल्लक ठेवला, त्यांच्यावर आहे. आणि तो कागदही टाक म्हणून आपणच त्याच्या मागे लागलो होतो.

दहा मार्चला धुळ्यात ऊन चटके देत होतं. समीक्षा कार्यालयात होती. अकराच्या सुमारास डिंपलचा फोन आला. "समे, तुना सिद्धार्थ आठेच शे! पुतळ्यापुढल्या चौकात, झेंडा लिसन बसेल शे. एकटाच!"

समीक्षानं रजेचा अर्ज दोन ओळींत खरडला. सरकारी नोकरानं निदर्शनात बसू नये, हे तिला पाठ होतं. अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवून ती जिना उतरली.

तो रस्त्याच्या कडेला सतरंजीवर बसला होता. मागे काठीला बांधलेला झेंडा, निळ्या-तांबड्या किरणांचा, मध्ये सूर्य आणि दोन हिमसिंह. समोर मराठीत लिहिलेला फलक. कपाळावर विटेचा व्रण. तिनं गाडी लावली तेव्हा एक रिक्षावाला मान बाहेर काढून त्याला विचारत होता, "का भाऊ, या उन्हाळ्यात स्वेटर?"

"स्वेटर नाही जी आज," धोंडुप सांगत होता. "आज आमच्या देशाचा दिवस आहे."

रिक्षावाल्यानं फलक वाचला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "बसा मग." पाण्याची बाटली ठेवून तो गेला.

समीक्षा समोर उभी राहिली. "तू दिल्लीला का गेला नाहीस?"

"दिल्लीत पुष्कळ आहेत आमचे." तो वर बघत होता, ऊन डोळ्यांवर घेत. "धुळ्यात कोणीच नव्हतं. जिथं आमचं जळलं तिथं तरी लोकांना माहीत पाहिजे, आपण काय जाळलं ते. आणि..."

"आणि?"

"आणि तुम्ही इथं राहता."

ती त्याच्या शेजारी बसली. सतरंजी तापली होती.  मग ती भडाभडा बोलायला लागली, रस्त्याकडे बघत, भांडल्यासारखी. "तू अर्ज करू नकोस. कधीच करू नकोस. मी सगळं वाचलंय. आई भारतीय असली आणि बाप रीतसर नोंदलेला असला की लेकरं भारतीयच होतात. त्यांची काळजी करायचं कारण नाही. तू तुझी वही ठेव, मी माझं रेशनकार्ड ठेवते, त्यात काय–"

"लेकरं?" धोंडुप म्हणाला.

समीक्षा थांबली. आपण काय बोलून गेलो ते तिला आत्ता ऐकू आलं. मार्चच्या उन्हातही तिचे कान पेटले.

"तुम्ही," तो हळूच म्हणाला, "अजून मी आवडतो असंही म्हणाला नाहीत जी. एकदम लेकरं?"

"तू तरी कुठे म्हणालास?"

"मी सहाशे किलोमीटर येऊन बसलो ना!"

"ते देशासाठी."

"ते तर दिल्लीतही झालं असतं."

तिला हसू आलं, आणि रडूही. दोन्ही दाबायच्या नादात ती आणखीनच चिडली. "मला तुझा फार राग येतो, धोंडुप. लग्न झाल्यावरही येईल. सांगून ठेवते."

"येऊ द्या," तो म्हणाला, आणि सतरंजीवरचा तिचा हात हातात घेतला. भर चौकात, भर दुपारी. "पण आता मला तू म्हणता येईल का तुम्हाला?"

"म्हणून बघ."

"समीक्षा... तू उन्हात आहेस. इकडे सरक."

ती सरकली.

बाराच्या पुढे यादव बैसाणे आले. डिंपलनं त्यांनाही फोन केला असणार, त्या पोरीच्या पोटात काही राहत नाही. त्यांनी लेकीच्या हातातला हात पाहिला, घसा खाकरला. हात सुटले नाहीत. ते पाहून त्यांनी चपला काढल्या आणि गुडघ्याला हात लावत, कण्हत, सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला मांडी घातली.

"घोषणा काय शे तुमनी?" त्यांनी विचारलं.

"बोद रांगझेन," धोंडुप म्हणाला. "म्हणजे तिबेट स्वतंत्र होवो."

"एवढा हळू काबर सांगस? कोनी आयकाले पाहिजे का नही?" असं म्हणून यादवरावांनी नामांतराच्या मोर्चात वापरलेला तो आवाज चाळीस वर्षांनी पुन्हा बाहेर काढला. चौकातली कबुतरं उडाली. पहिल्या वेळी शब्द चुकला, दुसऱ्या वेळी जमला.

आठ दिवसांनी समीक्षाला कार्यालयाची नोटीस आली, निदर्शनात का बसलात म्हणून. तिनं त्यावर चार पानी खुलासा लिहिला. 'पुढच्या दहा मार्चलाही मी रजेवर असेन,' ही शेवटची ओळ धोंडुपनं खोडायला सांगितली. तिनं खोडली नाही.